पहिले घर : सौद्याआधी कागद पाहा

कापडाचा व्यापारी ताका विकत घेताना तो उलगडून पाहतो. पन्हा मोजतो, रंग पक्का की कच्चा हे पाहतो, मध्ये कुठे सांधा किंवा डाग असेल तर भाव पाडून घेतो. सुतार लाकडाला गाठ आहे का ते पाहतो, शिवणकाम करणारा सुताचा पीळ बोटाने चाचपतो. मात्र हेच लोक आयुष्याची कमाई घालून पहिले घर घेतात तेव्हा दलालाच्या शब्दावर इसार देऊन मोकळे होतात. दौंडच्या बाजारपेठेत आम्ही हे पुष्कळ वर्षे पाहत आहोत. माल खोटा निघाला तर एका हंगामाचे नुकसान होते. घराचा कागद खोटा निघाला तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. व्याजापासून दूर राहावे म्हणून आपल्यापैकी बरेच जण बँकेचे कर्ज न घेता, साठवलेल्या पैशातून किंवा नातेवाइकांकडून कर्जे-हसना घेऊन घर घेतात. हेतू चांगला आहे. पण बँक कर्ज देण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून मिळकतीचे कागद तपासून घेते. ती तपासणी बँक आपल्या पैशाच्या काळजीने करते, तरी तिचा फायदा ग्राहकालाही होतो. कर्ज न घेणाऱ्याच्या वाट्याला ती तपासणी येतच नाही. म्हणून जो रोकड्याने घर घेतो त्याने ही चौकशी स्वतः, पदरचे पैसे खर्चून करणे जास्त जरुरीचे आहे. या लेखात आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

दौंड-शिरूरमध्ये विकले जाते ते काय?

दौंड हे भीमाकाठचे रेल्वे जंक्शन. पुणे-सोलापूर मार्गावरून येथे मनमाड आणि बारामतीचे फाटे फुटतात. रेल्वे, राज्य राखीव पोलीस दल आणि जवळची कुरकुंभची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे येथे घरांना कायम मागणी आहे. शिरूर म्हणजे जुने घोडनदी. तिकडे रांजणगावच्या कारखान्यांमुळे तीच परिस्थिती आहे. दोन्ही तालुक्यांत साधारणपणे तीन प्रकारची घरे विकायला येतात : गावठाणातील जुने घर, गुंठ्याने विकला जाणारा प्लॉट आणि इमारतीतील फ्लॅट. प्रत्येकाची फसगत वेगळी असते.

परवानगी देणारे कार्यालयही जागेप्रमाणे बदलते. दौंड आणि शिरूर शहरांत नगरपरिषद आहे. दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. विकणारा म्हणतो, "ग्रामपंचायतीची परवानगी आहे." अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारावा की या गट नंबरवर परवानगी देण्याचा अधिकार नक्की कोणाचा आहे?

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

सर्वात जास्त होणारी चूक हीच. स्टँप पेपरवर मजकूर टाईप करून, दोन साक्षीदार घेऊन, नोटरीचा शिक्का मारून आणला की घर आपले झाले असे लोक समजतात. असे होत नाही. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांच्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते.

साठेखत हाही विक्रीचा दस्त नाही. पुढे विक्री करण्याचा तो करार आहे. साठेखत करून, ताबा घेऊन, वर्षानुवर्षे तसेच राहणारे लोक आहेत. मूळ मालक वारला की त्याचे वारस उभे राहतात आणि नव्याने पैसे मागतात. कुलमुखत्यारपत्राचीही तीच गत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी कागदांची जुडी करून विकलेल्या मिळकतीची मालकी घेणाऱ्याकडे जात नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सर्वसाधारणपणे संपतेही.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याबद्दलही गैरसमज आहे. कर कोण भरतो एवढेच तो उतारा सांगतो. सातबारावरील नाव हाही मालकीचा शेवटचा पुरावा नाही, ती महसुली नोंद आहे. ही नोंद कोणत्या दस्ताने झाली, तो दस्त मागून पाहावा. गावठाणातील घरासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढावी. त्यावर आजोबांचे नाव असेल आणि विकणारा नातू असेल, तर मधले सगळे वारस, विशेषतः आत्या आणि बहिणी, सहीला हजर आहेत का हे पाहावे. बहिणींना विचारलेच नाही म्हणून अडकलेली घरे प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार तरी सापडतील.

गुंठ्याचा प्लॉट

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कारागिराला परवडतो तो बहुधा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा. पण शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधन घातले आहे. २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. गुंठेवारीतील जुनी बांधकामे नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. २०२५ मध्ये शासनाने निवासी भागांपुरती तुकडेबंदी शिथिल करून जुने व्यवहार नियमित करण्याची वाट आणखी मोकळी केली. दलाल एवढेच ऐकवतो आणि म्हणतो, "आता सगळे कायदेशीर झाले." सवलत कोणत्या क्षेत्राला आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहाराला आहे, आपला तुकडा त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या बंधनातून पळवाट म्हणून दहा-बारा अनोळखी माणसे मिळून एक मोठा तुकडा सामाईक घेतात आणि आपसात साध्या कागदावर वाटप करतात. दस्त नोंदलेला असतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण कायद्याने त्याच्याकडे ठरावीक प्लॉट नसतो, सगळ्या जमिनीतला अविभक्त हिस्सा असतो. ठरावीक तुकडा म्हणून तो विकायचा झाला की बाकीच्यांची संमती लागते. बँक अशा हिश्शावर कर्ज देण्यास सहसा तयार होत नाही. एकाचे भांडण कोर्टात गेले की सगळ्यांचे बांधकाम थांबते.

सातबारा हातात आला की नावाखाली थांबू नका. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असेल तर ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, 'पुनर्वसनासाठी' असा शेरा काही आहे का ते वाचा. दौंड आणि शिरूर तालुक्यांत धरणग्रस्तांना दिलेल्या जमिनी आहेत आणि त्यांच्या विक्रीवर बंधने असतात. वतनाच्या आणि देवस्थान इनामाच्या जमिनींचेही तसेच. वक्फच्या जमिनीबद्दल तर आम्ही वेगळे काय सांगावे? दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या नावे असलेली जमीन कोणी "आमच्या वडिलांची वहिवाट आहे" म्हणून विकत असेल तर ती घेणे कायद्यानेही चालत नाही आणि इमानानेही.

प्लॉट बिनशेती आहे का, मंजूर ले-आऊट आहे का, आणि प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता नकाशात आहे का, या तीन गोष्टी पाहा. रस्ता फक्त बोलण्यात असेल तर पुढचा प्लॉटवाला एके दिवशी तेथे भिंत घालतो. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या आणि चतुःसीमा दस्तात लिहून घ्या.

पाणी आणि माती

कागद ठीक असला तरी जागा पाहावी लागते. भीमेला आणि घोडनदीला पूर येतो. नदीकाठी जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. निळ्या रेषेच्या आत घर बांधण्यास परवानगी मिळत नाही. रेषा नकाशावर पाहाच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसालाही विचारा की मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. पायाचा खर्च वाचवणारा गवंडी स्वस्त वाटतो, पण शेवटी तोच महाग पडतो. रेल्वेच्या हद्दीला लागून जागा असेल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला आहे का तेही विचारा. दौंडमध्ये हा प्रश्न वारंवार येतो.

फ्लॅट घेताना

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायद्याखाली महारेरा काम करते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेला प्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय बिल्डरला विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद पाहा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. किंमत चटई क्षेत्रावर ठरते, 'सुपर बिल्ट-अप' वर नाही. बांधकामात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

पण आपल्याकडच्या पुष्कळ इमारती लहान असतात. सहा-आठ फ्लॅटची, छोट्या जागेवरची इमारत रेराच्या नोंदणीतून सुटते. अशा ठिकाणी ग्राहकाची ढाल म्हणजे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशात तीन मजले आणि जागेवर चार असतील तर चौथा मजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

ही केवळ कागदाची गोष्ट नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. ती थोड्याच काळात घाईघाईने उभारलेली होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जण दगावले. तीही काही जुनीपुराणी नव्हती. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात लोकांनी परवानगीपेक्षा जादा चढवलेल्या मजल्यांवर फ्लॅट घेतले, वर्षानुवर्षे संसार केला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले. पैसे त्यांनी पुरे मोजले होते. बिल्डरने परवानगी आणली होती की नाही, हे घेणाऱ्याने पाहिले नाही की भोगावे घेणाऱ्यालाच लागते.

पैशाचा हिशेब

किंमत ठरली की खर्च संपला असे समजू नये. मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी फी, वकील, मोजणी, वीज मीटर, दारे-खिडक्यांची जाळी, पाण्याची टाकी या सगळ्यांसाठी किमतीच्या दहा टक्के तरी वेगळे ठेवावेत. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जी.एस.टी. लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर लागत नाही.

काही भाग रोखीने आणि दस्तात किंमत कमी, हा सौदा दोघांच्या फायद्याचा दिसतो. पण आयकर कायद्यानुसार स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही. आणि सौदा मोडला तर कोर्टात तुम्हाला दस्तात लिहिलेलीच रक्कम सिद्ध करता येते. रोखीने दिलेले पैसे विक्रेत्याच्या मेहेरबानीवर राहतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मग घराच्या सौद्यात शब्दावर का भागवावे? पैसा चेकने किंवा बँकेतून द्यावा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी.

दुकानदाराची खास चूक म्हणजे भांडवल घरात घालणे. ईद, दिवाळी आणि लग्नसराईसाठी इचलकरंजी, मालेगाव, सुरतचा माल भरावा लागतो. तो पैसा प्लॉटमध्ये गेला की हंगामात उधारीने माल उचलावा लागतो, भाव चढा लागतो आणि पेढीवरची पत जाते. घर झाले आणि दुकान बसले, तर पुढे तेच घर विकावे लागते. सहा महिन्यांच्या धंद्याचे खेळते भांडवल बाजूला ठेवूनच घराचा आकडा ठरवावा. भिशी लागेल या भरवशावर हप्ता कबूल करू नये.

नाव कोणाचे लावायचे?

हा प्रश्न शेवटी येतो, पण सर्वात जास्त घरे यावरच मोडतात. तीन भाऊ एका दुकानात कष्ट करतात, गल्ल्यातून घर घेतात आणि दस्तात थोरल्या भावाचे एकट्याचे नाव घालतात. सर्वांचा समज असतो की घर तिघांचे आहे. मुस्लिम कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखे गृहीतक नाही. ज्याच्या नावे दस्त तो मालक. थोरला भाऊ वारला की घर त्याच्या वारसांकडे, म्हणजे पत्नी, मुले आणि हयात असतील तर आई-वडील यांच्याकडे जाते. मुलगा असेल तर धाकट्या भावांचा वारस म्हणून काहीही हिस्सा येत नाही. त्यांनी घातलेला पैसा सिद्ध करायचा तर कोर्ट आहे आणि बेनामी कायद्याची अडचण आहे. त्यात भावाच्या विधवेशी भांडण, म्हणजे घरची अब्रू चव्हाट्यावर. त्यापेक्षा ज्याने जितका पैसा घातला त्याचे तितक्या हिश्शाने नाव पहिल्याच दिवशी दस्तात लिहावे. यात भावावर अविश्वास नाही. उलट थोरल्याच्या मागे त्याच्या मुलांना आणि चुलत्यांना एकमेकांसमोर उभे राहावे लागत नाही.

पत्नीच्या नावे घर घेतल्यास, खरेदीदार फक्त महिला असेल तर, १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण एक टक्का वाचवण्यासाठी नाव लावून पुढे "घर माझेच आहे" म्हणणे बरोबर नाही. नाव तिचे तर मालकी तिची, हे मनाशी ठरवूनच लावावे. मुलामुलींना हयातीत काही द्यायचे असेल तर हिबा करता येतो. त्यासाठी देणे, स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे या तिन्ही गोष्टी लागतात. तोंडी हिबा शरियतीप्रमाणे चालतो, पण पुढे भांडण झाले की साक्षीदार वारलेले असतात, म्हणून नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे. पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठी राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत बाकी वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि वारसालाच द्यायची तर तेवढ्यालाही संमती लागते. मुलींचा हिस्सा दाबून केलेली वाटणी टिकत नाही. सोसायटीतील नॉमिनीलाही मालक समजू नये. तो वारसांसाठी मिळकत सांभाळणारा असतो.

घर झाल्यावर

खरेदीखत झाले की फेरफार नोंद, मिळकत पत्रिकेवर नाव, नगरपरिषदेच्या घरपट्टीवर नाव आणि महावितरणच्या मीटरवर नाव, ही चार कामे त्याच महिन्यात उरकावीत. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे फेरफार मंजूर झाल्याचा उतारा घ्यावा. इमारतीची सोसायटी झाली की जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा तगादा लावावा. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे. एखादी खोली भाड्याने देणार असाल तर करार नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवणे घरमालकाची जबाबदारी आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर गच्ची, पन्हाळी आणि न्हाणीघराच्या भिंती तपासा. ओल दिसली की बिल्डरला लेखी कळवा आणि पोच ठेवा.

क्रम चुकवू नका

बांधवांनी एवढा क्रम लक्षात ठेवावा. आधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन आणि मंजूर नकाशा. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मग मोजणी. त्यानंतर इसार, आणि तोही बँकेतून. त्यानंतर नोंदणीकृत दस्त, आणि दस्ताच्याच दिवशी ताबा. विकणारा म्हणाला की "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आजच इसार द्या", तर त्याला सलाम करून उठावे. दौंडमध्ये घरे पुष्कळ आहेत. वकिलाच्या फीचे काही हजार रुपये वाचवून पंचवीस-तीस लाखांचा माल न उलगडता घ्यावा, हा धंदा कोणताही व्यापारी आपल्या दुकानात करणार नाही. घराच्या बाबतीतही करू नये.